मास्तरांच्या नावाचं नाटक

३ सप्टेंबर
आमच्या नाटक मंडळाचं वडशाचं ऑफिस उघडलं. पावसाळाभर बंद, भिंतीवरच्या पोस्टरांना बुरशी. आमच्या हिरॉइनला, कोमलला, वरच्या ओठावर हिरवट मिशी फुटलीय. एकटीच हसले, मग फडक्याने पुसत बसले.

रस्त्यावरच्या बाकी मंडळांचं बुकिंग सुरूसुद्धा झालं. दिवाळी ते होळी एवढाच आपला धंदा. त्यातही भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात ते दिवस खरे. आज तीन फोन. तिन्हींचा एकच प्रश्न. "बाई, औंदा मास्तरचं नवीन नाटक कोन्तं?"

नवीन नाटक नाही. मास्तर म्हणजे आमचे हे. उन्हाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला, आणि तोंडात तीन शब्द उरले. हो, नाई, मंग. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणारा माणूस. डोकं शाबूत आहे, डोळ्यांत सगळं दिसतं. तेच बघवत नाही.

जुनं नाटक नव्या नावाने नेलं तर? लोक विसरत नाहीत. दुसऱ्या लेखकांना विचारलं, सगळ्यांनी आधीच कुणाकुणाला शब्द दिलाय.

७ सप्टें.
विलास बॅनरवाल्याने माझ्या फोनवर एआय घालून दिलं. "ताई, काईबी इचारा. चिठ्ठी, जाहिरात, सारं लिवते." म्हटलं बघू.

कुरखेड्याकडच्या एका गावाला तारीख बदलायची होती. त्याने चिठ्ठी लिहिली. इतकी अदबीची की तिथल्या अध्यक्षांचा लगेच फोन. "बाई, आमच्याकून काई चुकलं का?"

पोस्टरही काढून बघितलं. कोमलला सहा बोटं. मागे जंगल म्हणून जे दाखवलं त्यावर बर्फ पडलेला. विलास म्हणाला बोटं खोडता येतात, बर्फही.

पण करार, हिशेबाचे मेसेज, कलाकारांच्या तारखा, हे सगळं ते पटापटा करतं. हे सगळं आधी हेच करायचे. रात्री जेवताना त्यांना सांगितलं, फोन आता तुमचं काम करायला लागलाय. गंमत म्हणून म्हटलं. त्यांनी घास चावायचा थांबवला. माझी जीभ फार पुढे धावते.

१२ सप्टें.
आज केलं. विलासच्या दुकानात बसून. त्यानेच टाइप केलं, झाडीपट्टीसाठी भाऊ-बहिणीचं तीन अंकी नाटक, रडू हसू दोन्ही, मंडईला शोभेल असं. आधी मी ह्यांची दोन नाटकं फोनला वाचून दाखवली, सबंध दुपार, घसा बसला. म्हणजे ह्यांच्यासारखं होईल असं वाटलं.

चहा निवायच्या आत नाटक तयार. नाव: ओवाळणीत दिलं काळीज. आंधळी बहीण, जंगलखात्यातला भाऊ, शेवटी भाऊबीजेच्या दिवशी भावाचं प्रेत दारात आणि त्याचे डोळे तिला.

खरं लिहिते, वाचताना मला रडू आलं. इतकी वर्षं रंग लावला तोंडाला, मला कळायला हवं होतं. पण आलं.

१५ सप्टें.
मंडळींना वाचून दाखवलं. भावाचं नाव आरव. दामू, आमचा विनोदी नट, म्हणाला, "बाई, हे नाव आपल्या इकडं कोनाचं राह्यते का? बिस्कुटासारखं वाटून राह्यलं." नाव बदललं. शंकर केलं.

ऑर्गनवाले शब्बीरभाऊ नुसती पानं उलटत होते. बावीस वर्षं मंडळात आहेत, ह्यांच्या शेजारी बसून चाली बांधल्या. निघताना म्हणाले, "बाई, गाने कोन्ते घेऊ? ह्या नाटकात गान्याले जागाच नाई सोडली." म्हटलं दोन-तीन कुठेतरी बसवा.

१८ सप्टें.
ह्यांना वाचून दाखवलं. कोणी लिहिलं ते सांगितलं नाही. नवीन आहे एवढंच.

ह्यांची जुनी खोड. भाजीवालीची गोष्ट सांगितली तरी मध्ये "मंग?" हवंच. लकव्यातूनही तो शब्द वाचला तो त्यामुळेच असणार. आज तिन्ही अंक संपले, एकदाही मंग नाही. डोळे मिटून होते. दमले असतील. संध्याकाळी त्यांना ताप वगैरे आहे का बघितलं, नव्हता.

२५ सप्टें.
पोस्टर छापायला दिलं. लेखक म्हणून ह्यांचं नाव.

शब्बीरभाऊंनी विचारलं, "मास्तरले इचारलं का?"
"विचारते."
विचारलं नाही. गावं त्यांच्या नावावर बुक होतात. माझ्या नावावर कोण करतं? मी पूर्वीची हिरॉइन, आता हिशेब ठेवणारी. विलासच्या दुकानातल्या मशीनचं नाव छापू का?

उद्या विचारेन.

१० ऑक्टो.
बुकिंग भरलं. मास्तर बरे झाले, लिहायला लागले, अशी हवा पसरलीय. आरमोरीहून, गडचिरोलीकडून माणसं येऊन ह्यांना भेटून जातात. "मास्तर, तुमी लय हिंमतीचे." हे माझ्याकडे बघतात. मी चहा ठेवायला आत जाते.

मंडळ वाचलं. हे लिहून बरं वाटायला हवं.

२३ ऑक्टो. भाऊबीज
दादाला ओवाळायला जाता आलं नाही. तालीम. तालीम म्हणजे नावालाच, आमच्याकडे सगळं विंगेतल्या प्रॉम्प्टरवर चालतं. पूर्वी हे प्रॉम्प्ट करायचे. आता मी करणार.

पहिला प्रयोग परवा, आरमोरीच्या अलीकडच्या गावात. त्याच मंडईत राजूभाऊंच्या मंडळाचंही नाटक आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका मंडईत दोन-दोन नाटकं असतातच. ज्याचं नाटक धरतं त्याच्या मांडवात गाव.

२६ ऑक्टो.
काल काय झालं ते लिहायचं आहे. सकाळपासून लिहिता येत नव्हतं.

मांडव भरला होता. माहेराला आलेल्या लेकी, म्हाताऱ्या चादरी पांघरून. सुरुवातीला ह्यांना स्टेजवर नेऊन शाल दिली. दामूने आणि शब्बीरभाऊंनी धरून नेलं. टाळ्या थांबेनात. हे शाल हातात धरून उभे, चेहरा दगडासारखा. मग विंगेत माझ्याजवळ खुर्ची टाकून बसले.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात मागची काही पोरं उठून गेली आणि थोड्या वेळाने हसत परत आली. वाटलं बाहेर काही भानगड असेल.

तिसरा अंक. बहीण ताट घेऊन येते. सगळ्या नाटकाचं वाक्य तिथे आहे. मी पुटपुटले, कोमलने श्वास घेतला. आणि तिने तोंड उघडायच्या आत शेतापलीकडच्या भोंग्यातून तेच वाक्य आलं. बाईचाच आवाज. "ओवाळणी ताटात नसते दादा, ओवाळणी काळजात असते."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मला तर वाटलं आपलाच आवाज घुमला. मग कोमलने तेच म्हटलं, दुसरं काय म्हणणार बिचारी, आणि मांडव हसला. भावाचं प्रेत आलं तेव्हाही हसले. मागून एकजण म्हणाला, "अरे, थो तिकडं मेला ना आत्ता. इथी परत काऊन मरून राह्यला?"

लोक दोन्ही मांडवांत फिरून बघत होते. कुठलं पुढे, कुठलं मागे. तिकडच्या नाटकाचं नाव काळजाची ओवाळणी. भावाचं नाव आरव. राजूभाऊंनी बदललंसुद्धा नव्हतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

२७ ऑक्टो.
विलासच्या दुकानात गेले. बॅनर कापत होता. म्हणाला, "ताई, मी सगळ्याइलेच तेच टाकून देल्लं. मले काय मालूम थे सगळ्याइले सारखंच देते म्हनून." मग जरा वेळाने, "पन तुमी तर मास्तरचे दोन नाटकं वाचले होते ना त्याले?"

वाचले होते. ह्यांच्या दोन नाटकांतलं त्यात काय उतरलं ते मी घरी येऊन शोधलं. तीन वेळा "माय गे" आहे. बाकी काही नाही.

विलासवर ओरडायला गेले होते. न ओरडताच परत आले. टाइप त्याने केलं असेल, हो मी म्हटलं.

३० ऑक्टो.
घरी माणसं. त्या गावच्या मंडईचे चौघे, आणि राजूभाऊ. गावाचं म्हणणं, आमची फसवणूक झाली, चोर कोण ते ठरवा. राजूभाऊंच्या पोस्टरवर लेखक म्हणून त्यांच्या जावयाचं नाव आहे. राजूभाऊंना सगळं ठाऊक आहे, मलाही. दोघंही जमिनीकडे बघत बसलो.

मी सांगणारच होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं.

त्यांच्यातला वयस्कर होता तो ह्यांच्याकडे वळला. "मास्तर, हे नाटक तुमीच लिवलं ना?"

हे म्हणाले, "हो."

"मंग मानूस तुमच्याकून चोरी करन, तुमी कोनाकून करनार, आमाले मालूम हाये. पन जावई तर म्हनते त्यानं गनपतीतच लिवलं. मंडळातल्या पोराइनं तवाच वाचलं. तुमचं नाटक त्यानंतरचं. थे कसं?"

ह्यांच्या तीन शब्दांत त्याचं उत्तर नाही. डावा हात तेवढा वर केला, आणि खाली ठेवला. त्या माणसाने मान खाली घातली. उठताना पाया पडला नाही. दरवर्षी पडायचा.

राजूभाऊ दारातून परत आले. "वहिनी, माफ करजा. जावयाची इज्जत होती." मी म्हटलं, चपला घाला तुम्ही.

त्यांना वाचवायला नाव लावलं होतं मी. मंडळाला, खरं तर. त्यांनी ते नाव अंगावर घेतलं आणि मी उभी राहून बघितलं. मी गप्प का राहिले? हो म्हणून झालं होतं, खोटं कसं पाडू, असं तेव्हा वाटलं. आता तसंही वाटत नाही.

३ नोव्हें.
गावं गळतायत. फोन करतातच असं नाही, मेसेज पाठवतात. एक मेसेज इतका गोड भाषेत होता की लगेच ओळखलं कुणाकडून लिहून घेतलाय.

कोमल राजूभाऊंकडे नाही, दुसऱ्या एका मंडळात जातेय. रडली. "बाई, मले घर चालवा लागते." जा म्हटलं. तिचा मुकुट आणि तो मोत्यांचा सर तिलाच दिला.

फोनला विचारलं, काय करू. त्याने दहा मुद्दे दिले. ग्राहकांशी पारदर्शक संवाद साधा. ब्रँडची विश्वासार्हता पुन्हा उभी करा. दहावा मुद्दा, स्वतःची काळजी घ्या. फोन पालथा ठेवला.

६ नोव्हें.
ह्यांना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मशीन, विलास, नाव. भात भरवत होते, तेव्हाच. घास हातात धरून.

"तुम्हाला ठाऊक होतं?"
"हो."
"त्या दिवशी वाचलं तेव्हापासून?"
"हो."
"मग हो कशाला म्हणालात त्या लोकांसमोर?"

ह्याला उत्तर असेल, पण शब्द नाही. माझ्या मनगटाला धरून घास तोंडाकडे नेला. भूक लागली होती.

९ नोव्हें.
शब्बीरभाऊ ऑर्गन घरी घेऊन गेले. "ओल लागते बाई इथी." उन्हाचे दिवस आहेत. मी दाराचा दुसरा पल्ला उघडून धरला.

एकच गाव उरलंय. कुरखेड्याच्या पुढचं, लहान, जंगलाला लागून. चिठ्ठी वाचून घाबरले होते तेच अध्यक्ष. त्यांच्या कानावर सगळं गेलंय. म्हणाले, "आमी तारीख मोडत नाई. पन थे नाटक नोको. दुसरं आना. नवीन असन तरच या." पौषात आहे तारीख.

हिरॉइन नाही, ऑर्गन नाही, नाटक नाही. दामू तेवढा म्हणतो, बाई मी हाये. दामू एकटा काय करणार.

आज वडशाचं ऑफिस अर्धंच उघडलं आणि परत बंद केलं. जागेच्या मालकाला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

संध्याकाळी ह्यांच्या पायाला तेल लावत बसले होते. फोन आत होता, चार्जिंगला. काहीतरी बोलायचं म्हणून सुरू केलं. एक बाई होती म्हटलं. तिचा नवरा नाटकं लिहायचा. एक दिवस त्याचे शब्द गेले. तिने बाजारातून दुसरे आणले आणि त्याच्या नावावर खपवले. गाव हसलं. नवऱ्याने ते स्वतःवर घेतलं.

तिथे थांबले. पुढे काही सुचत नव्हतं. तेलाची वाटी संपली होती.

ह्यांनी डोळे उघडले.

"मंग?"

दोन महिन्यांनी ऐकला. मला ठाऊक नाही म्हटलं. खरंच ठाऊक नाही. हे बघतच राहिले माझ्याकडे, आणि परत म्हणाले, "मंग?"