चिठ्ठी नसलेली गिटार

अण्णा, परवा घरी एक मुलगी आली होती. साताऱ्याची. कॉलेजात शिकते, आणि आपल्या भागात पूर्वी कोण कोण इंग्रजी पद्धतीचं गाणंबजावणं करायचं त्यावर काहीतरी लिहितेय. मिरजेत उतरून विचारत विचारत घर शोधलं बिचारीनं. दारातच म्हणाली, "काका, सांगलीत तुमचा रॉक बँड होता ना?" पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, माझ्या पोरांनीसुद्धा नाही. आमच्यातला ड्रमवाला गेल्या पावसाळ्यात गेला, अकॉर्डियनवाला त्याच्या आधी, आणि गाणारा तर केव्हाच. चौघांतला मी एकटा उरलो. तो बँड आता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि हे डोकं हल्ली चष्मा कुठे ठेवला तेही सांगत नाही.

तिला सगळं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी सातला, स्टँडमागच्या परमिट रूमच्या वरच्या मजल्यावर आम्ही वाजवायचो. तुम्ही त्या जागेला धुराडं म्हणायचा, आणि खोटं नव्हतं ते. दहा-बारा टेबलं, हिरव्या ऑइलपेंटच्या भिंती, सिगारेटचा धूर, खारे शेंगदाणे. गाणी आम्ही रेडिओवरून उचललेली. अर्धे शब्द कळायचे नाहीत, तिथे गाणारा स्वतःचं इंग्रजी ठोकून द्यायचा आणि ऐकणाऱ्यांनाही ते कळायचं नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चालायचं. जतकडचा एक मेंढ्यांचा व्यापारी दर शनिवारी पुढच्या टेबलावर बसायचा आणि तिसऱ्या गाण्याला म्हणायचा, लय गोंगाट झाला, आता एक लावणी होऊ द्या. मुलगी हसली. मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी समोर बसून माझं ऐकत होतं.

मग ती म्हणाली, गिटार आहे का अजून? आहे की. कपाटावरून काढली, धूळ पुसली. अण्णा, ती हातात घेतली की मला अजून आपलं दुकान दिसतं. तुम्ही मांडी घालून बसलाय, मांडीवर तून लाकडाची फळी, बाजूला सरसाचं डबडं गरम होतंय, आणि वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेत. जन्मभर सतारी आणि तंबोरे केलेला माणूस. मी कॅलेंडरवरचं एक चित्र आणून पुढे टाकलं आणि म्हणालो, अशी करून द्या. तुम्ही चित्र उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, आणि 'भोपळा न्हाई व्हय हिला?' एवढंच विचारलंत. दोन महिने लागले. पोटातल्या गोल भोकाखाली रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारा एक पिकअप बसवून घेतला.

पण पडदे तुम्ही सतारीसारखे दोऱ्याने बांधलेत! गिटारीचे पडदे पट्टीत ठोकून बसवतात हे मी दहादा सांगितलं होतं. तुम्ही ऐकायलाच तयार नाही. "पडदा हलता पायजे. ठोकला की वाद्य मुकं हुतंय," असं म्हणून तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. पहिल्या तालमीत अकॉर्डियन एकीकडे आणि मी दुसरीकडे. मी घरी येऊन काय काय बोललो तुम्हाला! दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अकॉर्डियनवाल्याला दुकानात बसवून घेतलंत, आणि त्याचा एकेक सूर ऐकत एकेक पडदा सरकवून बांधलात. चर्चमध्ये पेटी वाजवणारा पोरगा तो, घाबरून बसला होता. त्याच्या भात्यातला प्रत्येक सूर तुम्हाला बेसूर वाटत होता, तोंडावर दिसत होतं ते. तरी त्या बेसुराशी जुळवून दिलंत. तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त घाई करत होतो.

तुमच्या हातचं प्रत्येक वाद्य दुकानातून बाहेर पडताना पोटात एक चिठ्ठी घेऊन जायचं. आजोबांचं नाव, तुमचं नाव, खाली मिरज. पडदे जुळवून झाल्यावर गिटार न्यायला आलो त्या दिवशी मी म्हणालो, "अण्णा, हिच्यात चिठ्ठी लावू नका. सतारवाल्याची गिटार म्हणून हसतील सगळे." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणालात, आणि संध्याकाळी घेऊन जायला सांगितलंत.

पुढच्या शनिवारी तुम्ही परमिट रूमला आलात. त्या जिन्याची पायरी तुम्ही त्याआधी कधी चढला नव्हता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसलेले, पुढ्यात साधा सोडा. मी तुम्हाला बघितलं, अण्णा. बघितलं नव्हतं असं आईला सांगितलं होतं, पण बघितलं होतं. गाणाऱ्यानं माइकवरून सगळ्यांची ओळख करून दिली आणि मला विचारलं, गड्या, ही गिटार कुठली रं? मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो, मुंबईहून मागवलीय, विलायती आहे. टाळ्या पडल्या. मेंढ्यांच्या व्यापाऱ्यानंसुद्धा वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या, ते मात्र मला बघवलं नाही. रात्री जेवताना तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "आवाज पार दारापतोर येत हुता. वरची तार जरा चढली हुती, उतरून घे." बास. पुन्हा तो विषय तुम्ही मरेपर्यंत काढला नाही.

परवा त्या मुलीनं मोबाइलचा उजेड गिटारीच्या पोटात पाडला. म्हणाली, काका, इथे काहीतरी चिकटवलेलं होतं, बघा. मी चष्मा लावून वाकलो. आत, खालच्या फळीवर, चिठ्ठीच्या मापाचा चौकोनी डाग. सरसाचा. कडेला ओल्या फडक्यानं घासल्याच्या खुणा, आणि एका कोपऱ्याला कागदाचा नखाएवढा तुकडा अजून चिकटून आहे. म्हणजे मी नको म्हणालो तेव्हा तुम्ही ती आधीच लावली होती. मी गेल्यावर तारा उतरवून, त्या एवढ्याशा भोकातून हात घालून, स्वतःचं आणि आजोबांचं नाव तुम्ही खरवडून काढलंत. म्हणून संध्याकाळी ये म्हणाला होतात. पन्नास वर्षं ही गिटार माझ्या घरात आहे आणि मी एकदाही आत बघितलं नाही.

मला रडू आलं, पण ती समोर बसली होती, वही उघडून. "कुणाची चिठ्ठी असेल काका? कुणी बनवली ही?" अण्णा, हसणारं आता कोण उरलंय? ते धुराडं पाडून तिथे मोबाइलचं दुकान झालंय. तोंड उघडून तुमचं नाव घ्यायचं, एवढंच काम होतं. आणि मी म्हणालो, "मुंबईच्या दुकानाची असेल."

तिनं ते लिहून घेतलं. जाताना पाया पडली, कागदावर नंबर लिहून देऊन गेली, काही आठवलं तर कळवा म्हणाली. तो कागद परवापासून समोर आहे. तिला फोन करून नाव सांगायचं, तर आधी नाव का नाही सांगितलं ते विचारेल. म्हणून तिला सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्ही काही विचारत नाही. तेव्हाही विचारलं नव्हतंत.