साखऱ्यातली पाच कुलपं

बुधवार, संध्याकाळ

विद्यापीठाची पाहणी आज साखऱ्यात संपली. बाळंतिणींच्या घरी आशाताई भेटीला येतात का, एवढंच विचारायचं होतं. सगळ्याच ‘व्हय’ म्हणाल्या. कुलूप दिसलं की नियमाप्रमाणे शेजारचं घर घ्यायचं. तशी पाच घरं सोडली मी. खूश होते.

मग शेवटच्या घरच्या गयाबाईंनी चहा देताना विचारलं, “मॅडम, कुलूपवाल्यायला काहून न्हाई विचारलं? लेकरं घेऊन मेंढरांमागं गेल्यात त्या. तिकडं माळावर कोन येतंय भेटीला?”

हे मला का सुचलं नाही? माझा निकाल चांगला आला तो त्या कुलपांमुळेच की.

विद्यापीठातल्या सरांकडून फोनवर दोन दिवस वाढवून घेतलेत. सकाळी माळावर जायचं. पण कोणाला शोधू? फॉर्मवर त्यांचं नावसुद्धा नाही. पाच वेळा नुसतं ‘घर बंद’, माझ्याच अक्षरात.