मागचं धूसर

सोमवार, २

नव्या घरातलं पहिलं पान. चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले, पान्हा सोडून लेखणी धरायची वेळच आली नाही. आता वर्कशॉप पुतण्याच्या हवाली केलं आणि लेकीच्या गावात, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. लांबलचक गॅलरी आहे, सकाळपासून ऊन. लेकीनं आधीच बजावलं होतं की बाबा, रिकामे बसलात तर आईचं डोकं खाल, काहीतरी छंद लावून घ्या. म्हणून सामान उतरवलं आणि लगेच जाऊन कॅमेरा घेऊन आलो. डीएसएलआर. वजनदार आहे, कामाची वस्तू हातात धरल्यासारखं वाटतं.

बायकोला मी बाईसाहेब म्हणतो. इतक्या वर्षांत हुद्दा कमी झालेला नाही. खोकं बघून त्यांनी विचारलं, बिघडला तर दुरुस्त तरी करता येणार आहे का? म्हटलं, आधी आवाज ऐकू दे. बटण दाबलं. आतला छोटा आरसा वर उचलला गेला, पडदा उघडला, मिटला, आरसा खाली. खट्-खटाक. निरोगी यंत्र! बेअरिंग गेलेला पंप मी रस्त्यापलीकडून ओळखतो, हे तर कानाशी होतं.

गुरुवार, ५

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सवर अठरा ते पंचावन्न असे आकडे आहेत. अठरावर अख्खी गॅलरी मावते, पंचावन्नवर कुंडीतलं एक फूल. अठरावर ठेवून बाईसाहेबांचा जवळून फोटो काढला, तर नाक एवढं मोठं आलं की बाकीचा चेहरा त्याच्या आधारानं उभा असावा. दोन तास अबोला. नंतर कळलं, चेहऱ्याला अठरा चालत नाही.

लेन्समधल्या छिद्राचा हिशोब उफराटा आहे. आकडा लहान तितकं भोक मोठं. मग ज्यावर नेम धरला ते लखलखीत, आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. आकडा मोठा केला की झाडून सगळं स्पष्ट. नेम जुळला की कॅमेरा बारीक 'पीप' करतो. चांगल्या कारागिरानं मान डोलवावी तसा.

आता दुसरी लेन्स कुठली, या विचारात आहे. शिकून झालंय काय अजून, असं बाईसाहेबांचं मत. मत त्यांना विचारलं नव्हतं.

शनिवार, ७

बाजारातला लेन्सवाला भला माणूस. गिऱ्हाइकाला घाई करत नाही. त्यानं मला एकच प्रश्न विचारला: लांबचं जवळ आणायचंय, की जवळचं जवळ ठेवायचंय? पाखरं टिपायची तर लांब नळीची घ्या, घरातली माणसं टिपायची तर पन्नासची. तेही सहा महिन्यांनी, तोवर जी आहे तिच्यावर हात बसवा.

ऐकेल तो मी कसला! कपाटात एक जुनी पन्नासची पडली होती. आकडा एक पॉइंट आठपर्यंत उघडणारी, म्हणजे भोक केवढं! तो द्यायला नाखूश दिसला. म्हणाला, ही जरा तोंडपुजी आहे, ज्याच्याकडे बघते त्याच्याशीच बोलते, मागच्यांना विचारत नाही. मी हसलो. आधीच्या मालकानं का विकली म्हटलं, तर म्हणाला, विकली नाही, काउंटरवर ठेवून गेला.

घरी येऊन लगेच एक पॉइंट आठवर चहाचा कप टिपला. मागे कुंडी, लोण्यासारखी विरघळलेली. वा! नंतर खाली जाऊन वॉचमनकाकांचा काढला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. मागची त्यांची सायकल म्हणजे नुसता रंगाचा ढग. नवशिक्याचा फोटो आहे असं कोण म्हणेल?

रविवार, ८

लेक आणि नात जेवायला. नातीला गॅलरीत उन्हात बसवलं आणि आकडा तोच, एक पॉइंट आठ. दहा फूट मागे खुर्चीत बाईसाहेब मटार सोलत होत्या. पीप. खट्-खटाक. आजवरचा सर्वांत सुंदर फोटो. पोरीच्या पापण्या मोजाव्यात, आणि मागे बाईसाहेब म्हणजे निळ्या साडीचा एक मऊ डाग. त्यांना दाखवला तर म्हणाल्या, मला पुसूनच टाकलंत की. लेकीनं लगेच मोबाइलवर घेतला.

मंगळवार, १०

गॅलरीतल्या कुंडीच्या कडा नीट दिसत नाहीत. चष्मा पुसला. बाकी सगळं स्पष्ट दिसतं, कठडा, दोरीवरचे चिमटे, सगळं. कुंडीच तेवढी धुक्यात ठेवल्यासारखी. हात लावला. काठ कुठे सुरू होतो ते बोटांना कळेना.

चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. नंबर तोच आहे.

खाली वॉचमनकाका सायकलीभोवती घिरट्या घालत होते. म्हणाले, साहेब, हँडल हातातच येत नाही हो, हसू नका. मी हसलो नाही.

बुधवार, ११

कुंडी नाही. फुटली, चोरीला गेली असं काही नाही. तिथे बघितलं की नजर घसरते.

आणि दुसरं. बाईसाहेब स्वयंपाकघरातून बोलत होत्या. मी म्हटलं, इकडे येऊन बोला. तर त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. आवाजातला वरचा, टोकदार भाग गेलाय. भिंतीपलीकडच्या माणसाचा येतो तसा येतोय. चपलांचा फटफट आवाजही नाही. माझे कान चुकत नाहीत. कधीच चुकले नाहीत.

गुरुवार, १२

उजेडात बसवून नीट पाहिलं. कपाळ आणि केस यांच्यामध्ये रेघ राहिलेली नाही. त्या म्हणाल्या, असं काय बघताय, लग्नात बघितलं नाही का. मी हसून दाखवलं.

मग सगळे फोटो मांडून बसलो. कपाच्या मागे कुंडी. वॉचमनच्या मागे सायकल. नातीच्या मागे

माझ्याच हातांनी. एक पॉइंट आठवर, हौसेनं.

शुक्रवार, १३

उपाय सरळ आहे. बिघाड लेन्सनं केला, तर तिनंच भरून काढावा. आता नेम बाईसाहेबांवर धरायचा. समोर बसवलं, बटण अर्धं दाबलं. लेन्सची मोटर पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. घर्र, घर्र. पीप नाही. पन्नास वेळा केलं. शेजारच्या रिकाम्या उशीवर धरला की लगेच पीप. परत त्यांच्यावर, घर्र. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स लावली, आकडा सोळावर नेला, हातानं कडं फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उशी स्पष्ट, खुर्ची स्पष्ट.

शेवटी त्या म्हणाल्या, राहू द्या हो, दमलात.

त्यांना कळलंय.

शनिवार, १४

लेन्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, नेम धरायला कॅमेऱ्याला कड लागते. कडच नसेल तर तो पकडणार कशाला? मी विचारलं, आधीच्या मालकाचं काय झालं? त्यानं दुकानातला पंखा बंद केला, पुन्हा लावला. म्हणाला, घरात पाच माणसं होती त्यांच्या. शेवटी आले तेव्हा एकटे होते. मी म्हटलं, मग मला दिलीत का? तर म्हणाला, मी नको म्हटलं होतं.

म्हटलं होतं. खरं आहे.

रविवार, १५

फोटो पुसला. लेकीकडचाही पुसायला लावला. काही फरक नाही. लेक फोनवर म्हणते, आईला जरा मोठ्यानं बोलायला सांगा, नुसती फुंकर ऐकू येते. या म्हटलं तर ती आणि नात लगेच निघाल्या असत्या. नको म्हटलं. पोरीनं आजीला हाक मारली आणि आजी दिसली नाही तर? आईला ताप आहे, बोलू देत नाही, असं सांगितलं. आयुष्यात गिऱ्हाइकालाही असं फसवलं नव्हतं.

सोमवार, १६

बाईसाहेबांच्या हातातून कप पडला. म्हणजे हातातून गेला. आरपार.

शब्द आता कळत नाहीत, चाल कळते. दोन ठोके, दुसरा लांब. अ-हो. दिवसभर ती मला हाक मारते आणि मी सगळ्या खोल्यांत ओ देत फिरतो. पंपाचं काय बिघडलंय हे कुणालाही सांगितलं असतं. हे उघडायचं कुठून? याला स्क्रू नाही.

मंगळवार, १७

सकाळी निळा रंग खुर्चीत होता. दुपारी फिका.

ती इकडे येत नाही. तर मी तिकडे जायचं. चाळीस वर्षं एका घरात

ठरलं. पन्नासची परत लावली, आकडा एक पॉइंट आठ. समोर स्टूल, त्यावर रिकामी बाटली, पलीकडे टेबलावर कॅमेरा. नेम बाटलीवर. दहा सेकंदांचा टायमर. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत. वही मांडीवर, पेन्सिल हातात.

पीप. लगेच.

बुधवार, १८

लागू पडलं. माझ्या नखांना कडा नाहीत. वॉचमनकाका वीज मीटर बघायला वर आले होते, दार ढकलून आत आले, माझ्याकडे बघून डोळे चोळले आणि गेले.

पेन्सिल, वही लागतात हाताला. फोटोत माझ्याबरोबर होत्या. म्हणजे ही वहीसुद्धा कुणाला

तिचा आवाज? कुठे आहे? काल होता. काल फिका होता, पण होता.

शेजारी बसली होती ती. त्याच फोटोत. बाटलीच्या मागे. म्हणजे तीही पुन्हा — मी एकदा, ती दोनदा —

पुन्हा काढला तर फक्त माझा. तिला बाजूला — पण ती कुठे आहे हेच —

बटण. बोट बटणात जातं. खाली दाबलं जात नाही. परत. परत —

संध्याकाळ?

लेक आली आहे. नात पण. दार सताड उघडं. बाबा, म्हणते. आई, म्हणते. प्रत्येक खोलीत. किती स्वच्छ आवाज. मी ओ देतो आहे. मोठ्यानं देतो आहे.

नात टेबलाशी आली. कॅमेरा उचलला तिनं. नको बाळा. ठेव तो. आईकडे वळवते आहे, म्हणते, हस ना गं — लेक रडते आहे, आणि मागे दारात वॉचमनकाका — ठेव, ठेव खाली, आकडा तसाच आहे, अगं आकडा —