सीट बदलून बघ

दि. २० मार्च, सकाळ

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. कारण सांगतो, पण जरा दमाने. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. औषधाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत, पेन हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागते.

सायकलचं दुकान वहिनी बघते. परवा एक वाकडं चाक तिने एकटीने सरळ केलं. वर मलाच म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं फिरतंय."

मला अंडकोषाचा कॅन्सर झालाय. डिसेंबरात त्या बाजूचा अंडकोषच काढून टाकला. वाटलं, सुटलो. मग स्कॅनमध्ये पोटात गाठी दिसल्या आणि दोन्ही फुप्फुसांत ठिपके. बाबा पंक्चर काढताना म्हणायचे ना, एक भोक सापडलं म्हणून थांबायचं नाही, अख्खी ट्यूब पाण्यातून फिरवायची. तेच आठवलं.

पाच-पाच दिवस सलाईनमधून केमो, अशा चार फेऱ्या. तीन झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, इतका पसरला तरी हा बहुतेकदा बरा होतो. पण रक्तातले कॅन्सरचे आकडे हवे तेवढे उतरलेले नाहीत. चौथ्या फेरीनंतर पोटात काही उरलं, तर मोठं ऑपरेशन. मला भीती वाटते, बारक्या. लोकांना विनोद सांगत बसतो आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडतो.

काल बाईंनी विचारलं, "सख्खा भाऊ आहे का?"

"आहे. बोलत नाही."

"मग आधी बोला. सख्ख्या भावाला धोका जास्त असतो. त्याला कधी काही त्रास?"

मी "नाही" म्हणालो. साफ खोटं.

गेल्या वर्षी तू मला दुकानामागे बोलावून, खाली मान घालून सांगितलंस, एका बाजूला जड वाटतंय, कडक काहीतरी लागतंय. मी म्हणालो, "सीट बदलून बघ." आणि ते चार गिऱ्हाइकांसमोर हसत हसत सांगितलंसुद्धा. तू पाना खाली ठेवलास आणि गेलास. लोकांना मी सांगतो, धाकट्याचा राग नाकावर असतो. खरं काय ते वहिनीलाही सांगितलेलं नाही.

तेव्हा मलाही गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून डॉक्टरकडे न जाता मीही तीन सीटा बदलल्या.

सोमवारी मी चौथ्या फेरीला ॲडमिट होतोय. त्याच दिवशी तू डॉक्टरकडे जा. तपासणी, सोनोग्राफी आणि रक्त, एवढंच. लाजू नकोस. लाजण्यासारखं जे होतं ते मी केलं.

मला माफ कर असं म्हणत नाही. बोलूही नकोस हवं तर. तपासून आलास की फक्त एक मिस्ड कॉल दे. औषधाने माझ्या कानात दिवसभर शिट्टी वाजते. तरी तुझी रिंग मला ऐकू येईल.

तुझ्यावर हसलेला,
दादा