मलीनं फणा का काढला

प्रिय कुंग,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. बाबानं तुझं नाव कोळंबीवरून ठेवलं आणि तू खरंच कोळंबीच्या कारखान्यात जाऊन बसलास. त्यामुळे हसायचा हक्क माझा.

इथे जिवाला घोर लागलाय. सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा सण अकरा दिवसांवर आलाय, विहाराच्या आवारात सापांच्या खेळाचं रिंगण आखून झालंय, आणि आपली राजनागीण मली माझ्याच अंगावर येतेय. नऊ वर्षं जिला मी रोज उचलते, जिच्या डोक्याचा मुका घेते, तीच. पेटीचं झाकण उघडलं की कमरेइतकी उंच उठते, फणा काढते, फुसफुसते. दीड महिना पोटात काही नाही. पाणसाप पुढे सोडला, तर ढुंकून बघितलं नाही. जाळीवर घासून घासून नाक सोललंय. परवा माझ्या मनगटापासून दोन बोटांवर तोंड आपटलं, विषाचा थेंब लुंगीवर पडला. बाया बघत होत्या म्हणून मी हसले. घरात आल्यावर लुंगी तीनदा धुतली.

मी काय काय बघितलं नाही! कात टाकायची वेळ म्हणावं, तर डोळे स्वच्छ, मागच्याच महिन्यात टाकलीय. खवल्यांत गोचीड नाही. घरासमोर सिमेंटचा रस्ता होतोय, जमीन थरथरते, म्हणून पेटी घराखालच्या खांबांमधून काढून मागच्या चिंचेखाली नेली. गुडघ्याला बाम लावायचं सोडलं. ईडलिंबानं हात धुतले. काही फरक नाही. बुन्रोदकाका कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, तुझ्या बडबडीला कंटाळली असेल ती." मी म्हटलं, "भावोजी, बडबडीनं चावायचं असतं, तर तुमच्या बायकोनं तुम्हाला कधीच गिळलं असतं." त्याची बायको चुलीपाशी इतकी हसली की तिचा भात करपला.

पण नूडलच्या गाडीपाशी दुसरंच चाललं होतं. गावाला तुझ्या बाबाची आठवण झाली. "खामसिंग असाच गेला. पोरानं ढोल चुकीचा बडवला, त्याचा थोरला नाग बिथरला, भर रिंगणात डसला," असं नूडलवाली म्हणाली. मी वाडगा तिच्यापुढे आपटला. म्हटलं, "तुझं सूप पिऊन मेलेल्यांची मोजदाद कर आधी." आणि उपाशीच घरी आले.

मग काल बुन्रोदकाका म्हणाला, "आण इकडे तिला, एकदा बघतो तरी." मला वाटलं, आता ह्याला घेऊन दवाखाना गाठावा लागणार. त्यानं पेटी उघडली, हात खाली घातला, आणि मली त्याच्या दंडावर अशी लोळली जशी देवळातली माळ. मी पुढे होऊन हात लावला. फणा! तो म्हणाला, "वहिनी, तुझ्यावर राग आहे तिचा." चेष्टाच करत होता, पण मी हात मागे घेतला.

तिला प्यायला पाणी ठेवावं म्हणून मी पितळी वाडगा भरला. वारा नव्हता. रस्त्याचे मजूर जेवायला गेले होते. तरी वाडग्यातलं पाणी काठाशी नाचत होतं. वाडगा खाली ठेवला, पाणी थांबलं. उचलला, पुन्हा नाचायला लागलं. बुन्रोदकाकानं ते बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. भला माणूस आहे, एरवी मी त्याला सांगत नाही. मलीला त्याच्याचकडे ठेवून आले. आज सकाळी तिनं अख्खा पाणसाप गिळला.

दीड महिना ती मला सांगत होती, बाई गं, तुझा हात थरथरतोय, मला भीती वाटते. आणि मी तिची नखरेल म्हणून टिंगल करत होते.

कुंग, आता खरं लिहिते. हे थरथरणं मी आधी बघितलंय. शेवटच्या वर्षी बाबाचा चमचा वाडग्यावर टकटक वाजायचा. मी चिडवायचे, "ढोल रिंगणात पुरे झाला, घरात नको." त्या सकाळी त्याच्या हातून विडा दोनदा पडला. तो म्हणाला, "आज नको वाटतंय गं." आणि मी म्हटलं, "म्हातारा झालास काय? जा, लोक थांबलेत." मग तो गेला. सगळं गाव तुझ्या ढोलाकडे बोट दाखवत होतं, तेव्हा मी तिथेच उभी होते. तोंडाची एवढी फटकळ मी, पण एक शब्द बोलले नाही. तू गाठोडं बांधलंस तेव्हाही नाही. तुझा ठेका बरोबर होता, पोरा. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर. आज दुपारी नूडलच्या गाडीपाशी उभी राहून हे सगळ्यांना सांगून आले.

मी आता रिंगणात उतरणार नाही. मलीला घेऊन बुन्रोदकाका उतरेल. ढोल माळ्यावरून खाली काढलाय, चामडं उन्हात ताणायला ठेवलंय. मला माफ करायला नको, रागावलास तरी चालेल. पण ये आणि वाजव. माझ्या हातून ठेका चुकेल.

तुझीच,
सात वर्षं गप्प बसलेली
आई