गाठीवर लावलेला रंग

१२ जानेवारी
शेवटी आज विष्णुपुरीला गेलो. अपघातानंतर पहिल्यांदाच. होडी माणिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपडी घातलेली. माणिक धरणात मासे धरतो. त्या दिवशी दादाला आणि मला पाण्यातून त्यानेच ओढून काढलं.
डोलकाठीचे दोन्ही तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले. बुडापासून चार फुटांवर तुटली. बरोबर लाकडाच्या गाठीतून. आत काळं, भुसभुशीत. बोट घातलं तर भुगा निघाला.
कुठे तुटली असणार ते मला न बघताच माहीत होतं. तरी बघायला यायला अडीच महिने लावले.
माणिक म्हणाला, साहेब, नवी काठी बसवा, होडीला काहीच झालेलं न्हाई. होडीला नाही, हे खरं.

१३ जाने.
एकदा लिहून टाकतो. कुठेतरी असू दे.
होडी दादाने आणि मी दोन वर्षं खपून बांधली. नेव्हीतून रिटायर झाल्यावर माझ्या डोक्यात तेच होतं, गोदावरीत शिडाची होडी. दादाने समुद्र कधी पाहिलेला नाही, पण लाकूड त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. लातूरजवळच्या आमच्या मुरुडमध्ये चाळीस वर्षं सुतारकाम. डोलकाठीसाठी निलगिरीचा सरळ सोट मिळाला तेव्हा त्याने त्यावरून हात फिरवला आणि गाठीपाशी थांबला. म्हणाला, ही मेलेली गाठ हाय बाळू, दुसरं लाकूड बघू. मी म्हटलं बघू. दिवाळीनंतर माझे जुने सोबती होडी बघायला येणार होते, मला घाई होती. दादा मुरुडला गेला तेव्हा मी गाठीत लांबीचा लगदा भरला, वरून पांढरा रंग दिला. दोन हात. तो परत आल्यावर सांगितलं की सोट बदलून आणला.
त्याने विश्वास ठेवला. रंगाखालचं बघायचं त्याला काही कारण नव्हतं.
त्या रविवारी वारा वाढला. शिडाचा दोर दादाच्या हातात. मीच सांगितलं होतं, हाताला दोन वेढे घे आणि सोडू नको. काठी कडाडली, शीड पाण्यात पडलं, पाण्याने ओढलं, दोर आवळला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. होडी कलंडली.
दवाखान्यात प्रशांत, दादाचा मुलगा, विचारत होता, काका, झालं कसं. मी म्हणालो, दादाने दोर एकदम सोडला, झटका बसला, म्हणून काठी मोडली.
दादा पलीकडच्या कॉटवर होता. डोळे मिटलेले. वाटलं झोपलाय.

१९ जाने.
माणिकने अक्कल सांगितली, तुषार सिंचनाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप लावा. लावला. शीड अर्धं वर गेलं नाही तोच पाइप दुधी भोपळ्यासारखा वाकला. काठावरच. माणिक हसला, मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं.
सुनंदाला पाइपचं सांगितलं. चाळीस वर्षांचा संसार, तिला अर्धं बोललं तरी पुरतं. ती म्हणाली, सुतार घरात असताना पाइप कशाला शोधून राहिले?


२७ जाने.
वहिनींचा फोन. दादाने दुकान बंद केलंय. हात बरा नाही म्हणून, असं मी समजत होतो. वहिनी म्हणाल्या, हात हाय भाऊजी, तीन बोटं चांगली हायत, डाव्यानंबी रंधा मारतेत. पण गिऱ्हाईक आलं की दुसरीकडं पाठवतेत. म्हणतेत, माझ्या हातनं दोर सुटला आन् भाऊ बुडता बुडता वाचला, आता माझ्या हाताचा भरोसा काय.
म्हणजे दवाखान्यात त्याने ऐकलं होतं. आणि खरं मानलं. हाताला दोन वेढे होते, दोर सुटणं शक्यच नव्हतं, हे त्याच्या स्वतःच्या हाताला माहीत असणार. पण होडीतलं मला जास्त कळतं. म्हणून माझं खरं.
मला वाटत होतं दादा माझ्यावर रागावलाय. म्हणून फोन करत नाही. तसं असतं तर बरं झालं असतं.

२८ जाने.
मुरुडला गेलो नाही. पाठ दुखत होती. खोटं. पाठ ठीक आहे.

१ फेब्रु.
शेडमध्ये जाऊन तुटलेल्या काठीचा गाठीचा दोन फुटांचा तुकडा करवतीने कापून घेतला. पोत्यात गुंडाळला. सुनंदाने पोतं पाहिलं, काय आहे विचारलं. सगळं सांगितलं. पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, तू चलतेस का, तू असलीस की बोलता येईल. म्हणाली, रंग देताना मला बोलावलं होतं का?

२ फेब्रु., मुरुड
सकाळच्या एसटीने नांदेडहून लातूर, तिथून मुरुड. दादा दुकानासमोर बाजेवर. दुकानाला कुलूप. जयभीम घातला, पायाला हात लावला. वहिनींनी चहा आणला. चहा संपेपर्यंत उसाचं, थंडीचं बोलत होतो.
मग पोतं सोडलं. तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला.  त्याने डाव्या हाताने फिरवून पाहिला. नखाने रंग खरवडला, खालची लांबी निघाली. गाठीत अंगठा घातला. त्याने नको म्हटलेलं तेच लाकूड, त्याला लगेच कळलं.
मी सांगितलं. सोट बदलला नव्हता. दोर तुझ्या हातून सुटला नव्हता. मी खोटं बोललो.
दादा म्हणाला, "तीन महिनं मी झोपलो न्हाई बाळू."
एवढंच. उठून आत गेला. दार लावलं नाही, पण मी आत गेलो नाही. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, भाऊजी, आता जावा तुम्ही. जेवून जावा म्हणाल्या नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
तुकडा त्याच्याकडेच राहिला.

६ फेब्रु.
फोन नाही.

१२ फेब्रु.
वहिनींचा फोन, मागून दादाचा आवाज. तो सांगत होता, त्या मला सांगत होत्या. पाइनच्या पट्ट्या आणा, एक इंच जाड, गाठ नसलेल्या. एकसंध सोट नको. पट्ट्या चिकटवून काठी करायची म्हणजे प्रत्येकीचं पोट दिसतं. आणि मुरुडला आणा, नांदेडला जमणार नाही.
मी म्हटलं, दादाला फोन द्या. वहिनी म्हणाल्या, ते गेले दुकान उघडायला.

१७ फेब्रु., मुरुड
लातूरच्या वखारीत निम्मा दिवस एकेक पट्टी उन्हात धरून पाहिली. बावीस काढल्या, दादाने त्यातल्या सहा बाजूला टाकल्या. कारण सांगितलं नाही. विचारलंही नाही.
तो सांगतो, मी करतो. तिरके सांधे, एकाशेजारी एक सांधा येऊ द्यायचा नाही. पाण्यात न सुटणारं एपॉक्सी लावून शिकंजे आवळले.  लहानपणी याच दुकानात त्याने मला रंधा धरायला शिकवलं, तेव्हा चुकलं तर टपली मारायचा. आता चुकलं तर नुसता बघतो.

२१ फेब्रु.
काठी चौकोनी होती, आठ कडांची केली, मग सोळा. आता गोल. दादा डोळे मिटून डावा तळवा फिरवतो आणि जिथे उंच लागतं तिथे पेन्सिलीने खूण करतो. उजवा हात धोतराच्या निऱ्यांवर ठेवलेला असतो. मधे एकदा विसरून त्याने उजव्या हाताने पटाशी उचलली. निसटली. मी उचलून दिली नाही. त्याने स्वतः वाकून घेतली.
लाकडाखेरीज एक शब्द नाही. जेवताना मात्र वहिनींनी माझ्या ताटात भाकरी वाढली, न विचारता.
दुपारी एक गिऱ्हाईक आलं, खिडकीच्या चौकटीचं विचारायला. दादाने माप घेतलं.

७ मार्च
काठी टेम्पोतून आणली. दादाही आला, केबिनमध्ये बसून. विष्णुपुरीत काठी उभी केली. खोबणीत बसायला जरा घट्ट, दादाने दोनदा काढायला लावली, बूड तासलं, मग बसली. काठी धरणाऱ्या तारा ताणल्या. त्याने काठीला खांदा लावून जोर दिला, कुरकुरते का ऐकलं, मान डोलावली. रंग दिलेला नाही, नुसतं व्हार्निश. आरपार दिसतं.
वारा मंद होता. चांगला. मी म्हटलं, दादा, बसतोस?
त्याने काठीवरचा हात काढला. मग म्हणाला, "प्रशांत अजून म्हणतो, आबा, तुम्ही दोर का सोडला. पोराला मी काय सांगू? तू सांग. मग बघू."
माणिकच्या मोटरसायकलवरून स्टँडला गेला. मी सोडतो म्हटलं, नको म्हणाला.
होडी काठालाच आहे.

८ मार्च
सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. प्रशांत मला लहानपणापासून मानतो. मी नेव्हीच्या युनिफॉर्ममध्ये असताना त्याने माझ्यासोबत काढलेला फोटो अजून त्याच्या घरात लावलाय, सुनंदा सांगत होती. मी काय सांगणार ते तोंडात जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यात घाईचं कारण येतं. कारण नको. नुसतं केलं ते.
अकराला लावला. लगेच उचलला. बोला काका, होडी उभी राहिली म्हणे, आबांनी फोटो पाठवला.
फोटो पाठवला. मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, प्रशांत, तुला पाच मिनिटं वेळ आहे का?
म्हणाला, आहे की.