फीत न कापलेल्या यंत्रावर भिंगरीला भूल देणेबाबत

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अधीक्षक,
लघुप्राणी शल्यचिकित्सा केंद्र, सोलापूर.

विषय : उद्घाटनापूर्वी यंत्र सुरू करून माझ्या कुत्रीची शस्त्रक्रिया करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. (पहिल्या वेळी गाठ लिंबाएवढी, दुसऱ्या वेळी मोसंबीएवढी.)

महोदय,

१. अर्जदाराची कुत्री भिंगरी, वय अकरा, हिच्या पोटात गाठ आहे. ती काढण्यास आपल्याच केंद्रातील डॉ. रेश्मा तयार आहेत. मात्र तिचे हृदय अशक्त असल्याने मेंदूच्या लहरी व रक्ताभिसरण दाखवणाऱ्या यंत्राशिवाय त्या भूल देणार नाहीत. भूल कमी पडली तर तिला दुखणार. जास्त झाली तर रक्तदाब उतरून मेंदूला रक्त पोचणार नाही. आत काय चालले आहे ते पडद्यावरच्या रेषांवरूनच कळते.

२. सदर यंत्र केंद्रात आलेले आहे. त्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. प्लग तेवढा लागला नाही, कारण फीत कापायची आहे. कोनशिलेवर ज्या पाहुण्यांचे नाव कोरले ते आता पदावर नाहीत. नवीन पाहुणे ठरले असून नवीन दगड घडतो आहे. शिपाई श्री. सिदू म्हणाले, "सर, दगड बसल्याबिगर बटण दाबलं तर माजी बदली हाय की!"

३. लिपिक श्रीमती गौरम्मा यांनी तर मुळालाच हात घातला : "कुत्रं झोपणारच हाय न्हवं? मग झोपलेल्याच्या डोस्क्यात काय चाललंय ते बघून सरकारला काय करायचंय?" डॉ. रेश्मांनी कपाळाला हात लावला.

४. दरम्यान निमंत्रणपत्रिकेसाठी भिंगरीला हार घालून बंद यंत्राशेजारी उभे करण्यात आले. पत्रिकेत ती 'पहिली लाभार्थी' आहे. त्यानंतर मला तोंडी बजावण्यात आले, "कार्यक्रमापर्यंत कुत्रं जपा, फोटो छापलाय." महोदय, जपण्यासाठीच तर तिला इथे आणले होते.

५. तरी आजची शस्त्रक्रिया 'उद्घाटनपूर्व चाचणी' म्हणून नोंदवून यंत्र सुरू करावे. फीत जराशी सरकवली तर तारा जोडता येतात, हे मी पाहून घेतले आहे. समारंभाला भिंगरी स्वतःच्या पायांवर उभी राहील. तसा भरवसा मी देत नाही, डॉ. रेश्मा देतात, यंत्र चालू असेल तर.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
नंदीश शिवपुत्र बिराजदार
होटगी रस्ता, सोलापूर

सोबत :
१. सोनोग्राफीचा अहवाल.
२. भिंगरी. (बाहेर बाकाखाली. भुलीसाठी कालपासून उपाशी ठेवली आहे.)